गोल दाराची बिजागरी

डार्थ वेडर दिसायच्या आधी ऐकू येतो. श्वास आत ओढलेला, श्वास बाहेर सोडलेला, लोहाराच्या भात्यासारखा एकसुरी. १९७७ साली आलेल्या 'स्टार वॉर्स'मधल्या या खलनायकाचा आवाज सिनेमा न पाहिलेल्यांनाही ओळखीचा असतो. मला बरीच वर्षं वाटायचं की हे सगळं पहिल्यापासून पटकथेत लिहिलेलं असणार. पण त्या आवाजाचं मूळ एका चित्रकाराला पडलेल्या अगदी साध्या शंकेत आहे.

राल्फ मॅक्वारी हे त्या चित्रकाराचं नाव. बोइंग या विमानं बनवणाऱ्या कंपनीत ते तांत्रिक चित्रं काढायचे. पुढे अपोलो मोहिमांच्या वेळी दूरचित्रवाणीच्या बातम्यांसाठी त्यांनी अंतराळयानांची अ‍ॅनिमेशन केली. १९७५ साली दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी त्यांच्या हाती पटकथेचा खर्डा ठेवला. लुकास यांच्या मनातला वेडर उंच होता, काळ्या फडफडत्या वस्त्रांतला, चेहरा झाकलेला. मॅक्वारींनी खर्डा वाचला आणि ते भलत्याच ठिकाणी अडकले. हा माणूस एका यानातून दुसऱ्या यानात जातो. मधे पोकळी आहे. मग तो श्वास कसा घेतो? त्यांनी त्याच्या तोंडावर श्वसनाचा मुखवटा चढवला. त्या काळातल्या त्यांच्या एका चित्रात वेडर आणि तरुण नायक प्रकाशाच्या तलवारी घेऊन झुंजतायत, आणि त्यात नायकाच्या तोंडावरही मुखवटा आहे. नायकाचा मुखवटा पुढे गळून गेला. वेडरचा मात्र इतका चपखल बसला की तोच त्याचा चेहरा झाला. मग ध्वनिसंयोजक बेन बर्ट यांनी पाणबुड्याच्या श्वसनयंत्रातून श्वास घेऊन तो आवाज ध्वनिमुद्रित केला.

हे मला कळलं, आणि त्यानंतर सिनेमांच्या कन्सेप्ट आर्टची, म्हणजे चित्रीकरणाआधी काढलेल्या कल्पनाचित्रांची, पुस्तकं बघायची माझी नजरच बदलली. तोवर मी ती सुंदर चित्रांसाठी उघडत होतो. आता मी त्यांत शंका शोधतो.

असली पुस्तकं आता सर्रास निघतात. १९७९ सालचं 'द आर्ट ऑफ स्टार वॉर्स' हे त्या परंपरेतलं गाजलेलं पुस्तक. आज तर मोठा काल्पनिक सिनेमा आला की त्याच सुमारास त्याचं चित्रांचं जाडजूड पुस्तकही दुकानात येतं. माझ्या हाती पहिलं आलं ते मुंबईत, फोर्टातल्या पदपथावर: 'द आर्ट ऑफ द फेलोशिप ऑफ द रिंग'. वेष्टन गेलेलं, कोपरे मऊ पडलेले, आणि वजन असं की घरी येईपर्यंत पिशवीचा बंद बोटांत रुतला. त्या रात्री मी त्यातला मजकूर जवळजवळ वाचलाच नाही. एकेक पान दिव्याखाली तिरकं धरून पेन्सिलीच्या रेघा कुठे सुरू होतात आणि कुठे थांबतात, एवढंच बघत बसलो.

टोल्किन यांच्या 'द हॉबिट'मधल्या बिल्बो बॅगिन्सच्या घराचं दार घ्या. ते गोल आहे, हिरवं आहे आणि त्याची पितळी मूठ बरोबर मधोमध आहे. वाचताना किती गोड वाटतं! आता हे दार सुताराकडून करून घ्यायचंय असं समजा. चौकोनी दाराला एक सरळ उभी बाजू असते. तिच्यावर वर एक, खाली एक अशा बिजागऱ्या ठोकल्या की दाराचं वजन त्या वाटून घेतात. गोल दाराला सरळ बाजूच नाही. कड एका जागी चौकटीला भिडते आणि वरखाली लगेच वळून दूर जाते. म्हणजे बिजागऱ्या जवळजवळ बसवायच्या, आणि त्या जितक्या जवळ तितका प्रत्येकीवर ताण जास्त, दार लोंबायला लागणार. नाहीतर लोखंडाचे लांब हात काढून ते दारावर पसरायचे. मुठीचंही तसंच. आपण दाराची मूठ बिजागरीपासून सगळ्यात लांब लावतो, कारण तिथून दार हलकं लागतं. ती मधोमध आणली की बिजागरीपासूनचं अंतर निम्मं होतं आणि दार ओढायला दुप्पट जोर लागतो. बिल्बोचं दार जड जाणार!

कादंबरीत या प्रश्नांना जागा नाही, आणि नसावीच. टोल्किन स्वतः चित्रं काढत. १९३७ सालच्या 'द हॉबिट'मध्ये बिल्बोच्या दालनाचं त्यांचं रेखाचित्र आहे. पण कागदावरच्या दाराला वजन नसतं. सिनेमातलं दार नटाला खरोखर उघडून आत यायचंय. जे शब्दांत नुसतं सुंदर होतं, ते लाकडात उभं राहील का, हे कुणीतरी आधी कागदावर तपासून पाहावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे हे चित्रकार. मॅक्वारींना विमानाच्या भागांमुळे जी सवय लागली होती तीच ही सवय. खोट्या वस्तूलाही ते विचारतात: तू चालतेस कशी, तू उभी कशावर आहेस?

टोल्किन यांच्याच 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वरच्या सिनेमांसाठी दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी जे दोन चित्रकार गाठले, त्यांची गोष्ट मला त्या सिनेमाइतकीच आवडते. अ‍ॅलन ली इंग्लंडात डेव्हन परगण्यात, डार्टमूरच्या माळरानाच्या कडेला राहणारे. टोल्किन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त निघालेल्या आवृत्तीसाठी त्यांनी पन्नास जलरंगचित्रं केली होती. जॅक्सननी त्यांना आपले दोन जुने सिनेमे आणि एक पत्र कुरिअरने पाठवलं. पाकीट हाती पडल्यावर काही तासांतच ली यांचा होकार आला. दुसरे जॉन हाऊ, मूळचे कॅनडातले, स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झालेले. दोघं वर्षानुवर्षं एकाच लेखकाची तीच जगं रंगवत होते, पण समोरासमोर भेटले नव्हते. ओळख झाली ती न्यूझीलंडला निघाल्यावर, वाटेत. काही महिन्यांच्या बोलीवर गेलेले ली तिथे सहा वर्षं राहिले, आणि २००४ साली तिसऱ्या भागाच्या कलादिग्दर्शनाचं ऑस्कर ज्या तिघांना मिळालं त्यात त्यांचंही नाव होतं.

दोघांचे हात किती वेगळे आहेत ते पुस्तकात शेजारशेजारच्या पानांवर दिसतं. ली यांची पेन्सिल मऊ आहे. ती कुठे जोर देत नाही. झाडाचं मूळ काढता काढता ते दगडात शिरतं, दगडाची पायरी होते, पायरीवर शेवाळ चढतं, आणि बांधलेलं कुठे संपलं, उगवलेलं कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही. एल्फ लोकांचं रिव्हेनडेल त्यांच्याकडे आलं यात नवल नाही. हाऊ यांच्या रेघेला धार आहे. तिला टोकं आवडतात, पंख आवडतात, काळोखातून पुढे येणारं काहीतरी आवडतं. सॉरॉनचा काळा मनोरा, नाझगुल, आगीचा बालरॉग हे त्यांचे मुलूख. पण गंमत बघा, त्या गोल दाराच्या आतलं उबदार घर, तेही हाऊ यांचंच.

हाऊ यांचं गॅन्डाल्फ या जादूगाराचं एक चित्र सिनेमाच्या आधीचं आहे. राखाडी झगा, मोठी टोकदार टोपी, हातात काठी, आणि म्हातारा लांब लांब टांगा टाकत पावसातून चाललाय. त्याच्या पावलांकडे नीट पाहा. म्हातारा चित्रात आणायचा म्हटलं की बहुतेक जण त्याला वाकवतात, काठीवर रेलवतात. हाऊंचा गॅन्डाल्फ काठीवर भार टाकत नाही, काठी त्याच्याबरोबर चालते. त्याला घाई आहे. हा माणूस वयाने म्हातारा आहे पण थकलेला नाही, हे त्या एका पावलात कळतं. सिनेमातला गॅन्डाल्फ घडवताना हे चित्र जॅक्सन यांच्या मंडळींच्या डोळ्यांसमोर होतं, आणि त्याची भूमिका करणारे इयान मॅकेलन पहिल्यांदा पडद्यावर दिसतात तेव्हा आपल्यालाही तो आधीच भेटल्यासारखा वाटतो.

आणि हे हाऊ नुसते चित्रकार नाहीत. मध्ययुगीन चिलखतं जमवायची, ती अंगावर चढवून फिरायचं, हा त्यांचा जुना नाद. त्यामुळे चिलखत काढताना त्यांना ठाऊक असतं की हात वर केला की काखेत पत्रा कुठे टोचतो, मान वळवायला किती फट लागते. असं चिलखत चित्रात वेगळं दिसतं का? माझ्या मते दिसतं. बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण डोळा खोटं चिलखत ओळखतो, जसा तो फोटोसाठी नेसवलेली नऊवारी ओळखतो.

वेलिंग्टनमधल्या वेटा वर्कशॉपमध्ये या चित्रांवरून माणसं वस्तू घडवत होती. हेल्म्स डीप या किल्ल्याची प्रतिकृती पस्तिसाव्या हिश्शाच्या मापाने बांधली गेली, ती ली यांच्या चित्रावरून. बॅग एन्ड हे बिल्बोचं घर तर दोनदा बांधलं. हॉबिट मंडळी बुटकी, गॅन्डाल्फ उंच. म्हणून एक घर हॉबिटांच्या मापाचं, ज्यात गॅन्डाल्फचं डोकं तुळईला आपटावं, आणि दुसरं मोठं, ज्यात नेहमीच्या उंचीचे नट बुटके दिसावेत. आता विचार करा: एका घरात टेबलावर जे पुस्तक आहे, जी वाटी आहे, खुर्चीच्या पाठीवर जी नक्षी आहे, ती दुसऱ्या घरात तशीच, पण वेगळ्या मापात हवी. लाकडाच्या गाठीसुद्धा जुळायला हव्यात. पडद्यावर यातलं काहीच जाणवू नये म्हणून हा सगळा खटाटोप. हे घर दोनदा बांधलंय हे माहीत असताना त्या घराची चित्रं बघणं, हा सुखाचा वेगळाच प्रकार आहे.

थिओडेन राजाची भूमिका करणारे बर्नार्ड हिल यांनी सांगितलंय की त्यांच्या छातीवरच्या चिलखताला आतूनही नक्षी होती. आतून, म्हणजे कॅमेऱ्याला कधीच न दिसणाऱ्या बाजूने. ते अंगावर चढवलं की आपण राजा आहोत असं वाटायचं. पडदा बाहेरची बाजू दाखवतो. आतल्या बाजूला काय होतं ते कळायचं तर ही पुस्तकंच उघडावी लागतात.

पण या पुस्तकांत मला सगळ्यात जास्त खेचतं ते सिनेमात न आलेलं. कामाची रीतच अशी आहे की बहुतेक चित्रं टाकून द्यायची असतात. सुरुवात होते काडेपेटीएवढ्या चौकटींपासून, एका कागदावर वीस-वीस. त्यात तपशील नसतात, नुसता आकार. पुष्कळ जण आधी पात्राची फक्त काळी सावली भरतात, कारण सावलीवरून जे ओळखू येत नाही ते अंधारात, लांबून, पळताना ओळखू येणार नाही. मग त्या विसांतले तीन निवडायचे, ते मोठे करायचे, त्यातला एक रंगवायचा. दिग्दर्शक येतो, बघतो, म्हणतो: याचं डोकं, त्याचे पाय. पुन्हा नव्याने. राहिलेले एकोणीस जण कुठे जातात? पूर्वी कपाटात जात. आता निदान त्यातले काही पुस्तकात येतात.

स्मॉग ड्रॅगनचे पाय हे याचं झकास उदाहरण. टोल्किन यांच्या स्वतःच्या चित्रात स्मॉगला चार पाय आणि शिवाय पंख आहेत. जॅक्सन यांच्या 'हॉबिट'च्या २०१२ सालच्या पहिल्या भागात तो ओझरता दिसतो, तेव्हाही पुढचे पाय वेगळे आहेत. दुसऱ्या भागात तो सबंध समोर आला तेव्हा पाय दोनच उरले होते. पुढचे पाय पंखांत विरघळले, वटवाघळासारखे. मग पहिल्या भागाच्या वाढीव आवृत्तीत तो आधीचा प्रसंगही मागे जाऊन दुरुस्त केला. दोन पायांवाल्या स्मॉगला पंख टेकत सरपटावं लागतं, सोन्याच्या राशीवर कोपर रोवावं लागतं, आणि त्यामुळे त्याला एखाद्या कुटिल माणसाची देहबोली मिळते. हे पटतंच. तरी मला चार पायांवाल्या स्मॉगची हुरहूर लागते. तो कसा चालला असता? चार पायांच्या प्राण्याला वर आणखी पंख द्यायचे तर त्यांचे स्नायू कुठे अडकवायचे? सिनेमाला एक उत्तर देऊन पुढे जावं लागतं. पुस्तकाला ती सक्ती नाही. तिथे दोन्ही स्मॉग नांदू शकतात.

सगळीच पुस्तकं अशी नसतात, हेही सांगायला हवं. काहींत फक्त शेवटची चकचकीत चित्रं असतात, संगणकावर घोटून घोटून गुळगुळीत केलेली, जवळजवळ सिनेमाच्याच चौकटी. ती चाळायला दहा मिनिटं पुरतात. मी विकत घेताना आधी मधलं पान उघडतो आणि खोडलेली रेघ शोधतो. सापडली तर घेतो. ली यांचं २००५ सालचं स्केचबुक याच कारणाने माझं लाडकं आहे. त्यात पेन्सिल अजून विचार करताना दिसते.

हे सगळं परदेशातलंच, असं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे सिनेमाचा पायाच चित्रकारांनी घातला. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकले, पुढे लोणावळ्याजवळ राजा रविवर्म्याच्या छापखान्याशी जोडले गेले. 'लंकादहन' १९१७ सालचा, 'कालिया मर्दन' १९१९ सालचा. उडणारा हनुमान आणि नागाच्या फण्यावरचा कृष्ण पडद्यावर यायच्या आधी देवादिकांची रूपं रविवर्म्याच्या छापील चित्रांतून घरोघरच्या भिंतींवर पोचली होती. प्रेक्षक देव ओळखायचे ते त्या चित्रांवरून. एका अर्थाने आपल्या पौराणिक सिनेमाचं कन्सेप्ट आर्ट आजीच्या देवघरात टांगलेलं होतं. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवता रंगवता स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढला. त्यांचं आडनावच धंद्याने दिलेलं.

आणि अलीकडचा 'तुंबाड', २०१८ सालचा. राही अनिल बर्वे यांनी नारायण धारपांच्या कथेतून पेटलेली ती कल्पना कित्येक वर्षं उराशी बाळगली, आणि चित्रीकरणाच्या आधी सातशे पानांचा स्टोरीबोर्ड केला. सातशे पानं! तो पाऊस, वाड्याच्या भिंतींचा तो ओला लाल-काळा रंग, पृथ्वीच्या गर्भातला तो मांसल काळोख, आणि त्यात पिठाला हपापलेला हस्तर नावाचा राक्षस. तो गर्भ आधी कागदावर कसा होता? हस्तर पहिल्या दिवसापासून तसाच होता, की त्याच्याही मागे टाकून दिलेल्या एकोणीस सावल्या आहेत? ती पानं चाळायला मिळाली तर मी दुसरं काही मागणार नाही.

कधीकधी सिनेमा होतच नाही आणि पुस्तकच मागे उरतं. सत्तरच्या दशकात अलेहान्द्रो होदोरोव्स्की यांनी 'ड्यून' काढायला घेतला. मोबियस या फ्रेंच चित्रकाराने त्यासाठी सुमारे तीन हजार चित्रं काढली, ख्रिस फॉस आणि एच. आर. गीगर यांनी यानं आणि किल्ले रंगवले. सगळं एका जाड बाडात बांधून हॉलिवूडच्या स्टुडिओंकडे पाठवलं. पैसे कुणीच घातले नाहीत. गीगर पुढे 'एलियन'कडे गेले आणि तिथला तो भयानक जीव त्यांच्या हातून जन्मला. त्या बाडाची एक प्रत २०२१ साली पॅरिसमधल्या लिलावात सव्वीस लाख युरोंहून जास्त किमतीला गेली. न झालेल्या सिनेमाचं पुस्तक.

उशिरा झालेल्या सिनेमाचंही एक उदाहरण आहे. काय नील्सन हे डेन्मार्कचे चित्रकार, परीकथांच्या पुस्तकांतल्या चित्रांसाठी नावाजलेले. तीसच्या दशकाच्या अखेरीस ते डिस्नेकडे आले, 'फँटेशिया'साठी काम केलं, आणि आपल्याच देशाच्या अँडरसनच्या जलपरीच्या गोष्टीची रेखाटनं केली. तो सिनेमा तेव्हा झाला नाही. नील्सनना काम मिळेनासं झालं. १९५७ साली ते गरिबीत गेले, आणि त्यांच्या मागे राहिलेली चित्रं ठेवून घ्यायला संग्रहालयंही तयार होईनात. ऐंशीच्या दशकात डिस्नेने जलपरीची गोष्ट पुन्हा हाती घेतली, तेव्हा कुणीतरी जुन्या संग्रहात शोधाशोध केली आणि ती रेखाटनं बाहेर आली. 'द लिटल मर्मेड' १९८९ साली लागला. त्याच्या श्रेयनामावलीत काय नील्सन हे नाव आहे, बत्तीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं, बाकीच्या सहकाऱ्यांच्या जोडीने.

मी तो सिनेमा आता पुन्हा लावला, की नावं संपेपर्यंत उठत नाही.